खरा आवाज हाऊ शे!

परवा धुळ्यात शास्त्रीय गायनाच्या मैफलीला गेलो आणि शेजारच्या गृहस्थांनी मला ती ऐकू दिली नाही, हे अजून माझ्या गळी उतरलेले नाही. विलंबित ख्याल नुकताच रंगू लागला होता, तेवढ्यात त्यांनी आपल्या कानातली बिनवायरची एक गोळी काढली आणि परवानगी न घेता माझ्या कानात बसवली. तीत त्याच गायकांचा तोच राग वाजत होता.

"भाऊ, आयका! खरा आवाज हाऊ शे. समोरना काही खरा नही," ते अहिराणीत म्हणाले. म्हणजे खरा आवाज हा गोळीतला, समोरचा नव्हे.

गायक साक्षात समोर असताना हे कशावरून, असे मी पुटपुटलो, तर ते सरसावून बसले. यात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झार, सुटी ऐकू येते, बायाँ, म्हणजे तबल्याचा डावा, छातीत लागतो, इतकेच नव्हे तर बुवांचा श्वासही ऐकू येतो. (बुवांचा श्वास ऐकायला तिकीट कोण काढतो?) शिवाय ही वस्तू म्हणे चाळीस हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या तीक्ष्ण स्वरापर्यंत, जाते. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम वीस हजारांपर्यंत पोचतो आणि पुढे वयाबरोबर वरची पट्टी झिजत जाते. गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे असल्याने उरलेले हर्ट्झ त्यांनी वटवाघळांसाठी विकत घेतले असावेत. मी आवाज थोडा कमी करायला सुचवले. "कमी करा ते मजा जास ना," ते म्हणाले. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रतींपैकी किंचित मोठी वाजणारी आपल्याला मोठी न वाटता चांगली वाटते, म्हणून परीक्षक आधी दोन्हींची पातळी सारखी करतात आणि कोणती वाजते आहे हे लपवतात, हे मी सांगणार होतो. पण मागच्या रांगेतून 'शू' झाले, तेही माझ्याकडे पाहून.

एडिसनच्या कंपनीने 1915 पासून गायिका आणि तिचेच ध्वनिमुद्रण वाजवणारे यंत्र शेजारी-शेजारी ठेवून, दिवे मालवून, श्रोत्यांना फरक ओळखायला लावण्याचे जाहीर प्रयोग केले. श्रोते फसत, कारण गायिका यंत्राच्या बेताने गळा आवरून गात. आमच्याकडे दिवे मालवण्याचीही गरज नव्हती. दोनशे माणसांच्या त्या सभागृहात बुवांचा गळा आधी माइकमध्ये, मग मिक्सरमध्ये आणि शेवटी कोपऱ्यातल्या खोक्यांत जात होता आणि हळदीच्या कार्यक्रमांत तयार झालेल्या साउंडवाल्याने त्याला एवढा एको दिला होता की प्रत्येक तान आपल्याच शेपटीत अडकत होती. म्हणजे गृहस्थ आपली गोळी गळ्याशी नव्हे, त्या खोक्यांशी ताडून पाहत होते, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही होते, याचाच मला अधिक राग आला. पैसे मोजून आलेल्या कोणालाही त्या संध्याकाळी बुवांचा गळा ऐकू आला नाही. मध्यंतरात शाल-श्रीफळाच्या भाषणांना मात्र एको नव्हता; पाहुण्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ.

द्रुत सुरू होताच गृहस्थांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर उंच धरला आणि चित्रण सुरू केले. मी हाताने खूण केली, तेव्हा त्यांनी समजूत घातली, "राहू द्या भाऊ, घर जाईसन निवांत आयकसू."