प्रश्न भीतीचा नाही, बोटांच्या सवयीचा आहे

'जुने वापरकर्ते बदलाला घाबरतात, पंधरा दिवसांत रुळतात' हे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. म्हापसा-मडगावच्या घाऊक दुकानांत हिशेब लिहिणारा माणूस पडदा वाचत नाही, त्याची नजर बिलावर असते आणि बोटं कळांवर. टॅली ईआरपी ९ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रेडिट नोट (विकलेला माल परत आला की करायची नोंद) कंट्रोल-एफ८ वर होती. २०२० साली आलेल्या टॅलीप्राइम या त्याच्या नव्या अवतारात ती ऑल्ट-एफ६ वर गेली, आणि डेबिट नोट (घेतलेला माल परत केल्याची नोंद) कंट्रोल-एफ९ वरून ऑल्ट-एफ५ वर. विक्रीची एफ८ आणि खरेदीची एफ९ मात्र तशीच राहिली. घोळ नेमका इथेच होतो: निम्म्या कळा जुन्या, निम्म्या नव्या. सगळंच बदललं असतं तर माणूस सावध तरी राहिला असता. नवशिक्याचं यात काहीच जात नाही. वेग जातो तो जुन्याचा.

याउलट एक्सेलचं उदाहरण लेखात यायला हवं होतं. २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आली, पण ऑल्ट, ई, एस ओळीने दाबलं की पेस्ट स्पेशल उघडायचं, आजही उघडतं. रूप बदला, जुनी कळ मारू नका.

दुकानात नवी आवृत्ती घ्यायचीच असेल तर महिन्याच्या २० तारखेनंतर घ्या, कारण जीएसटीची विवरणपत्रं दरमहा भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) २० तारखेपर्यंत भरायचं असतं. आधी बॅकअप काढा, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. बदललेल्या कळांची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवा. टॅलीप्राइममध्ये रिपोर्ट सापडेना तर ऑल्ट-जी दाबून नाव टाइप करा. ही सोय खरंच चांगली आहे.