पावसात बुडालेली अर्धी हजेरी

आमचे नाना सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. पोलादपूरच्या अलीकडचा मुंबई-गोवा रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या गँगकडे असायचा. साईडपट्टीवर मुरूम टाकायचा, मोऱ्यांत तुंबलेला पालापाचोळा ओढायचा, वळणावरचं रान कापायचं. सुरुवातीला तेही रोजंदारीवरच होते. पण बांधकाम खात्याच्या मजुरांसाठी झालेल्या १९६७ च्या कालेलकर तडजोडीने पाच वर्षं सलग भरलेल्या रोजंदारी मजुराला रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर (नावात अस्थायी, पण महिन्याच्या पगाराची नोकरी) घेतलं जायचं, तसं त्यांनाही घेतलं. त्या एका आदेशावर आमचं घर उभं राहिलं. माझं शिक्षण त्या पगारातून झालं, आणि आईला आजही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

गेल्या जुलैत त्याच रस्त्यावर दरडीची माती उपसणारी एक टोळी दिसली. सहा जण, त्यात दोन बाया. एकीच्या पायात गमबूट सोडाच, साधी स्लीपर होती, तीही तुटलेली. टपरीवर चहा घेताना विचारलं तेव्हा कळलं, रोज चारशे. "पाऊस लागला की मुकादम काम थांबवतो, दादा. मग अर्धीच हजेरी." अंगठा मात्र आधीच घेतलेला असतो, रकमेचा रकाना कोरा ठेवून.

दोन दिवस मला नीट झोप लागली नाही. पावसात रस्ता चालू राहावा म्हणून ज्यांना बोलावलं, त्यांचीच मजुरी पावसामुळे कापायची? कामावर आलेल्या माणसाला मालकाने काम दिलं नाही म्हणून तास कमी भरले, तरी दिवसाचं पूर्ण वेतन द्यावं, हे किमान वेतनाच्या कायद्यातच होतं. १९४८ च्या त्या कायद्याच्या मूळ अनुसूचीत रस्त्यांची बांधणी आणि देखभाल हे काम नाव घेऊन लिहिलेलं होतं. म्हणजे हे मजूर कायद्याच्या नजरेतून सुटलेले नव्हतेच.

केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून अकुशल बांधकाम मजुराचा किमान दर मोठ्या शहरांत दिवसाला ७८३ रुपये केला. खेड्यापाड्यांत तो याहून कमी आहे, मान्य. पण दर वाढवून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मुख्य ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, अशा तीन हातांतून पैसा खाली येतो आणि प्रत्येक हाताला थोडा चिकटतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ मालकावर टाकली. मग देखभालीचं बिल मंजूर करण्याआधी मजुरांच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा पुरावा का मागत नाहीत? डांबराचा थर मोजतात, खडीची चाचणी करतात. मजुरीही तशीच तपासा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला एका खेपेचा टोल एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाला. आपण तो भरतो. त्या रकमेत थोडी भर घातली की या बाईचा अख्खा दिवस होतो, आणि तोही पाऊस पडला नाही तर.

आमच्या भागात कोणी रस्त्याच्या कामावर असेल तर एक सांगा: वर्षात ९० दिवस काम भरलं असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यात रस्त्याची देखभालही येते. अर्ज लिहायला, सोबत कार्यालयात यायला मी तयार आहे. रविवारी घरीच असतो, इनबॉक्समध्ये कळवा.