मे महिन्यातला संध्याकाळचा गॅस

सुट्टी लागली की घरात दिवसातून पाच वेळा एकच प्रश्न ऐकू येतो : "रात्री काय आहे?" शाळेचे डबे बंद झाले म्हणून काम कमी व्हायला हवं, होतं मात्र उलट. म्हणून ही लांबलचक पोस्ट. माझं मत आधीच सांगून टाकते : मे महिन्यात संध्याकाळी सात ते साडेआठ गॅसजवळ उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खाली सोडायला लागतो. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी दोनपेक्षा रात्री आठला जास्त घाम येतो तो त्यामुळेच. त्यात कुकर, तवा आणि तळणीचं तेल! संध्याकाळचा गॅस वीस-पंचवीस मिनिटांच्या वर पेटता राहायला नको.

यावर लगेच "मग सकाळीच सगळं करून ठेवायचं" असं उत्तर येतं. ते त्याहून चुकीचं. सकाळी आठला केलेली आमटी ओट्यावर रात्री आठपर्यंत टिकत नाही, नारळ घातलेली तर नाहीच नाही. भाताचं आणखी वेगळं. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजलेला भात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि मे महिन्यात आपल्याकडे त्याहून थंड स्वयंपाकघर शोधावं लागेल. भातात वाढणाऱ्या जिवाणूंपैकी काहींचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. "वास येत नाही ना, मग चांगलाय" हा हिशोब भाताला चालत नाही. शिळा भात फोडणीला हवाच असेल तर गरम असतानाच परातीत पसरायचा, वाफ गेली की लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये. कुकरात झाकून रात्रभर ठेवलेल्या भाताला फोडणी द्यायची नाही.

तेव्हा सकाळी जेवण नाही, तयारी. भिजवणं, उकडणं, भाजणं, कूट करणं हे सगळं साडेनऊच्या आत. रात्रीसाठी ज्याला आच शेवटच्या क्षणालाच लागते तेवढंच उरवायचं. पुढचं सगळं चार माणसांच्या हिशोबानं.

आधी दही, कारण उन्हाळ्यातला आठवडा दह्यावर चालतो आणि सगळ्यात जास्त बिघडतंही तेच. थंडीची सवय म्हणून लोक रात्री दहाला विरजण लावतात आणि सकाळी सहाला पाणी सुटलेलं, आंबट दही बघून दुधाला शिव्या देतात. दुधाचा दोष नाही. मे महिन्यात दही पाच तासांत लागतं, आठ तास बाहेर राहिलं की आंबणारच. सकाळी सातला लावा, बाराला फ्रीजमध्ये ठेवा. एक लिटर दुधाला एक छोटा चमचा विरजण पुरे, तेही चमच्यानं मोडून दुधात नीट मिसळलेलं. दूध किती गरम? करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले पाहिजेत. सातव्या आकड्यालाच चटका बसला तर थांबा. लावल्यावर भांडं हलवायचं नाही. "लागलं का बघू" म्हणून दर तासाला तिरकं करणाऱ्याच्या घरी दही कधीच धड लागत नाही. मातीच्या भांड्यात घट्ट लागतं कारण माती पाणी ओढून घेते. दह्याला तार सुटायला लागली तर विरजण बिघडलंय, शेजारून नवं आणा, त्याच विरजणाची आशा धरू नका. बाराला दही फ्रीजमध्ये टाकायचं काम घरातल्या मोठ्या मुलाचं किंवा मुलीचं. गजर लावून. मुलगा आहे म्हणून सूट नाही.

सोमवारी मटकीची उसळ नि भाकरी. शनिवारी रात्री वाटीभर मटकी भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसायची. इथं चुकतं ते पाणी निथळण्यात. चाळणीत दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या, मग सुती फडक्यात सैल बांधा. ओली मटकी घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडली की या हवेत तिला आंबूस वास आणि बुळबुळीतपणा येतो, मग कितीही धुवा, उसळीत तो वास राहतोच. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड दिसतात. नखाएवढे झाले की फ्रीजमध्ये, नाहीतर सकाळपर्यंत शेपट्या फुटतात आणि उसळ गोडसर, चिवट होते. वाटीभराच्या तीन वाट्या होतात. सकाळी हळद-मिठाच्या पाण्यात बोटचेपी शिजवून फ्रीजमध्ये टाका, रात्री कांदा-गोडा मसाल्याची फोडणी पाच मिनिटांचं काम.

कारण वेळ खाते ती भाकरी. आठ भाकऱ्या म्हणजे सरळ वीस मिनिटं, आणि ती सकाळी करून ठेवता येत नाही, चामडं होतं. निदान थापताना तरी रडवू नये म्हणून पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते, उचलताना तुटते. मे महिन्यात महिन्याचं पीठ एकदम दळून आणू नका, दोन किलो पुरे. विरी गेलेलंच पीठ हाताशी असेल तर वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी घालून उकड काढा, पाच मिनिटं झाका, मग तळहाताच्या टाचेनं मळा. भाकरी होते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं ते लगेच, आणि ते पाणी वाळत आलं की उलटायची. पूर्ण वाळू दिलं की पापुद्रा येत नाही, वर भेगा पडतात.

मंगळवारी थालीपीठ. तीन वाट्या भाजणी, एक मोठा कांदा, एक काकडी किसून. काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून भिजवल्यावर दहा मिनिटांत थापायला घ्या, आणि पाणी घालायच्या आधी काकडीचा रस पिठात मुरू द्या. पुष्कळदा वरून पाणी लागतच नाही. दोन तवे एकदम ठेवा, म्हणजे तीस मिनिटांची पंधरा होतात. यात सांगण्यासारखं एवढंच.

बुधवारी, खाणाऱ्यांच्या घरी, सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, जवळा. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्याची सुकी मासळी भरून ठेवायचे दिवस हेच. वाटीभर जवळा सकाळी कोरडा भाजून घ्या, भाजल्यानंतर धुवा, आधी नाही. आधी धुतला की भाजला जात नाही, शिजतो, आणि वास वाढतो. दोन पाण्यांतून काढला की तळाशी रेती दिसेल, ती खाली ठेवून वरचा वर उचलायचा. तीन कांदे, चार आमसुलं, लसूण, तिखट. पाणी घालायचं नाही. सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या नाकाचा प्रश्न आहे, पण सकाळी सातला खिडक्या उघड्या ठेवून भाजलं तर कुणाचं लक्ष नसतं. न खाणाऱ्यांनी त्या दिवशी मुगाची खिचडी करावी, विषय संपला.

गुरुवारी दहीभात. याला लोक आजाऱ्याचं जेवण समजतात कारण तो नीट केलेला खाल्लेला नसतो. दीड वाटी तांदूळ, साडेचार वाट्या पाणी, कुकरला नेहमीपेक्षा एक शिटी जास्त. गरम असतानाच रवीनं किंवा डावानं घोटा आणि वाटीभर दूध घाला. गार झाल्यावर घोटलेला दाणा दूध पीत नाही, गोळे राहतात. परातीत पसरून पूर्ण निवला की दोन वाट्या गोडं दही.   मीठ वाढायच्या आधी. फोडणी तुपाची : मोहरी, जिरं, हिंग, चमचाभर उडदाची डाळ, कढीपत्ता. ती निवू द्या. कढत फोडणी दह्यावर ओतली की दही फुटतं आणि भात पाणचट होतो. सोबत तळलेली सांडगी मिरची.

शुक्रवारी आंबेडाळ, तीही चैत्रगौरीपुरती कशाला ठेवायची? कैरी असेपर्यंत करा. वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, निथळून, पाण्याचा थेंब न घालता भरड वाटायची. मिक्सर थांबत थांबत फिरवा, एकदम फिरवला की पिठलं होतं. अर्धी वाटी कैरीचा कीस, मिरची, खोबरं, मीठ, साखर, आणि इथेही निवलेली फोडणी. हिला संध्याकाळी गॅस फोडणीपुरता. मात्र रात्री उरलेली सकाळी खायची नाही, कच्ची डाळ या हवेत फार लवकर उतरते. वाटीभराच्या वर करूच नका.

शनिवारी पिठलं-भात, कुणालाही जमतं. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, बेसन आधी गार पाण्यात कालवून. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन भुरभुरायचं धाडस सरावाशिवाय नको.

रविवारी दुपारी आमरस-पुरी, आणि म्हणून रात्री जवळजवळ काही नाही. मेतकूट-भात किंवा ताक. पोटभर आमरस झाल्यावर रात्री पुन्हा चारी ठाव स्वयंपाक करणाऱ्या घरांची मला कमाल वाटते. रसासाठी आंबे तासभर पाण्यात ठेवा. मग हातानंच पिळा. मिक्सरमध्ये रसात हवा भरते, फेस येतो, रंग फिका पडतो आणि वाटी भरल्यासारखी दिसते, पण फेस बसला की अर्धी. हापूसमध्ये एक-दोन पायरी घातले की रस सैल आणि जास्त गोड होतो. चिमूट मीठ, वरून तूप, सुंठ. लोखंडाच्या किंवा कल्हई उडालेल्या भांड्यात काढू नका, काळा पडतो. पुरीला अडीच वाट्या कणीक, दोन चमचे रवा, एक चमचा कडकडीत मोहन, पीठ घट्ट. लाटताना कोरडं पीठ लावू नका, तेल लावा. ते पीठ कढईत जळतं नि शेवटच्या दहा पुऱ्यांना काळे ठिपके येतात. पुरी फुगत नाही याची कारणं बहुतेकदा दोनच : पीठ सैल किंवा तेल पुरेसं तापलेलं नाही.

आता मुलांचं. दुपारी बारा ते पाच घराबाहेर काढता येत नाही, विदर्भात तर शाळाही उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात म्हणून हा प्रश्न आठवडा-दोन आठवडे जास्त पुरतो. शिबिरांचे पैसे भरण्याआधी घरातली ही कामं देऊन बघा. पेटीतले आंबे रोज सकाळी तपासणं : गवतात हात घालून एकेक उचलायचा, देठाशी वास घ्यायचा. वास आला, साल किंचित सुरकुतली, देठाजवळचा भाग खोलगट झाला की तो वर. डाग पडलेला ताबडतोब बाहेर, कारण एक नासका शेजारच्या चारांना घेऊन जातो. दुसरं काम माठाचं. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा, आतून साबण लावायचा नाही, मातीची छिद्रं बुजली की तो नुसता घडा उरतो. बाहेरून पाझरणारं पाणी उडून जातं तेव्हाच आतलं गार होतं. म्हणूनच नागपूरला माठ आणि कूलर चालतात आणि मुंबईच्या दमट हवेत दोन्ही रुसतात. मुंबईकरांनी निदान माठ खिडकीच्या वाऱ्यात ठेवावा, कोपऱ्यात नाही.

तिसरं, वाळवणं. पूर्ण कुरडयांचा घाट घालू नका, चिकासाठी गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलणं नोकरी करणाऱ्याला झेपत नाही. बटाट्याचे वेफर मात्र मुलं करतात. दोन किलो बटाटे, फ्रीजमधले किंवा शीतगृहातले नकोत. थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळताना वेफर लाल, कडवट होतो. सकाळी सहाला काप करून तीन पाण्यांत धुवायचे, पाणी नितळ दिसेपर्यंत. तुरटीचा खडा एकदा फिरवलेल्या मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. काप वाकला पाहिजे, तुटायला नको. मग धुतलेल्या धोतरावर एकेक, एकमेकांना न चिकटवता. दोन कडक उन्हं. संध्याकाळी उचलून आत आणायचे, दव नसलं तरी मुंग्या असतात. बोटांत धरून मोडताना काच फुटल्यासारखा आवाज आला की डब्यात.

पन्हं उरलंच. अर्धा किलो कैऱ्या, दोन शिट्ट्या, गराची एक वाटी असेल तर गूळ दीड ते दोन, कैरीच्या आंबटपणावर. गूळ गरम गरातच, वेलदोडा निवल्यावर. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. पेल्याला दोन चमचे गर, माठाचं पाणी आणि मीठ जिभेला जाणवेल इतकं. संध्याकाळी सहाला मुलं खाली खेळायला जायच्या आधी, परत आल्यावर नाही. आल्यावर दिलं की कुणी जेवत नाही, आणि "रात्री काय आहे?" हा प्रश्न मग साडेदहाला येतो.