सोडतीत नाव नाही

भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी तोक्योच्या लोकलमध्ये उभा होतो. "मामा, येताना स्विच 2 घेऊन ये ना. तुमच्याकडे तर कुठेही मिळत असेल." स्विच 2 म्हणजे निन्टेन्डोचं नवं गेमिंग यंत्र. त्याच्या सोडतीतून अर्धा तास आधीच मला चौथा नकार आला होता. काटेकोर सोडतीअंती आपली निवड होऊ शकली नाही, क्षमस्व. इथे याला एकच शब्द आहे : राकुसेन. गेल्या दोन महिन्यांत तो मला पाठ झाला आहे.

5 जून 2025 ला हे यंत्र बाजारात आलं. त्याआधी एप्रिलमध्ये निन्टेन्डोने जपानमधल्या आपल्या ऑनलाइन दुकानासाठी सोडत ठेवली, तर सुमारे 22 लाख अर्ज आले. निकालाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी, बऱ्याच जणांना यंत्र मिळणार नाही असं सांगून जाहीर माफी मागितली. इतर दुकानांच्या सोडती निराळ्या. माझे चारही नकार त्या दुकानांचे.

घरच्या ग्रुपवर हे सांगितलं आणि वाद पेटला. चुलतभाऊ म्हणाला, खेळणं आहे, औषध नाही. ज्याला घाई आहे त्याने फेरविक्री करणाऱ्याला जास्त पैसे मोजावेत. बहीण म्हणाली, अशा दलालांना सरकारने आत टाकलं पाहिजे. पीएस 5 च्या, म्हणजे सोनीच्या गेमिंग यंत्राच्या, वेळीही आमच्यात हेच झालं होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये इतरत्र आलेलं यंत्र भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला पोचलं, आगाऊ नोंदणी मिनिटांत संपली आणि लगोलग सीलबंद खोकी चढ्या भावाने विकायला निघाली.

मला दोघांचंही पटत नाही. चढ्या भावाच्या विक्रीविरुद्ध कायदा भारतात आहेच. 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापील एमआरपीच्या वर विक्री करता येत नाही. जपानमध्ये एमआरपी हा प्रकारच नाही. चढ्या दराच्या फेरविक्रीविरुद्ध 2019 मध्ये कायदा लागू झाला, पण तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. तरीही काळाबाजारवाल्याची, म्हणजे इथल्या भाषेत 'तेनबाई' करणाऱ्याची, वाट इथे जास्त अवघड आहे, कारण विकणारा स्वतः राखण करतो. पीएस 5 च्या टंचाईत काही दुकानं खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहीत, सील काढूनच माल देत. नाव लिहिलेलं खोकं कोरं म्हणून कसं विकणार? निन्टेन्डोच्या सोडतीला अटी होत्या : जुन्या स्विचवर किमान 50 तास खेळलेलं असणं आणि ऑनलाइन सेवेचं एकूण वर्षभराचं सशुल्क सभासदत्व.

या अटीत अन्याय आहे, हेही सांगतो. ज्या मुलाच्या घरी जुनं यंत्र कधी आलंच नाही, तो पहिल्याच पायरीवर बाद. काल या देशात उतरलेलं कुटुंबही बाद. निष्ठावान गिऱ्हाइकाला आधी द्यायचं, तर नव्या माणसासाठी थोडा वाटा बाजूला ठेवायला हवा होता.

भावाचा मुद्दा मला जास्त डाचतो. जास्त मोजलेले पैसे यंत्र बनवणाऱ्याला मिळत नाहीत, दुकानालाही नाहीत, आणि त्यातून एकही जास्तीचं यंत्र तयार होत नाही. आधी माल उचलून टंचाई वाढवायची आणि मग त्याच टंचाईचे पैसे घ्यायचे, याला व्यापार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "सोडत म्हणजे नुसतं नशीब," असं तो म्हणतो. पण म्हाडाच्या घरासाठी आपण सोडतच मान्य करतो ना? तिथे नाव लागलं नाही की वाईट वाटतं, पण कुणी आपल्याला लुबाडलं असं वाटत नाही. चार नकारांनंतरही मला तसं वाटलेलं नाही.

भाच्याला मात्र नाही म्हणावं लागलं. इथल्या दुकानांत 2025 मध्ये 49,980 येनला आलेलं यंत्र फक्त जपानी भाषेत चालतं, आणि खातंही जपानचंच लागतं. अनेक भाषांचं यंत्र तेव्हा 69,980 येनचं होतं, तेही फक्त निन्टेन्डोच्या स्वतःच्या दुकानात.

"मग तू कशाला अर्ज भरतोयस?" त्याने विचारलं.

माझी मुलगी इथल्या शाळेत तिसरीत आहे, जपानी माझ्यापेक्षा भरभर वाचते. पाचव्या सोडतीचा अर्ज काल रात्री तिनेच माझ्या शेजारी बसून भरला.