सालोनिका राहून गेलं

होलोकॉस्टवरचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. पण त्यातली सगळी चर्चा पोलंड आणि जर्मनीभोवतीच फिरली आहे. ग्रीसमधलं सालोनिका, म्हणजे आजचं थेसालोनिकी, त्यात यायलाच हवं होतं. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना ऑटोमन साम्राज्याने आसरा दिला आणि पुढची चार शतकं हे शहर त्यांचंच होऊन राहिलं. व्यापारी, छापखानेवाले, मच्छीमार, अगदी गोदीतले हमालसुद्धा ज्यू. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी अख्खं बंदर बंद! घरात बोलायचे लादिनो, पूर्वजांनी स्पेनहून आणलेली स्पॅनिश वळणाची भाषा.

डिसेंबर 1942 मध्ये, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, तिथली ज्यूंची जुनी दफनभूमी उखडली गेली. जवळपास 3 लाख कबरी होत्या. आणि हे एकट्या नाझींचं काम नव्हतं, स्थानिक प्रशासनालाही ती जागा हवीच होती. हे स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. थडग्यांचे दगड फरशांना, भिंतींना वापरले गेले. त्या जागेवर आज ॲरिस्टॉटल विद्यापीठ उभं आहे, आणि तिथे स्मारक व्हायला 2014 उजाडावं लागलं.

1943 च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत 45,000 हून अधिक ज्यू माणसं नाझींनी आगगाड्यांतून नेली, बहुतेक सगळी आउश्वित्झ या मृत्युछावणीत. परत आलेले फारच थोडे. मोनास्तिरियोतन सिनेगॉग, म्हणजे शहरातलं ज्यूंचं एक प्रार्थनास्थळ, मात्र वाचलं, कारण रेडक्रॉस ते गोदाम म्हणून वापरत होतं. पुढच्या लेखात सालोनिकावर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.