बेसबॉलचे आकडे वाचून कळतात, आधी पायथन लागत नाही

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने बेसबॉलच्या आकड्यांवरचं पुस्तक निम्म्यात मिटून ठेवलंय. कारण तिच्यापर्यंत पोचलेला तो फिरता मेसेज : ‘वाचून काही येत नाही. आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, कोर्स करा. जुनी पुस्तकं बाद झाली. आणि बॅटर जोखायला बॅटिंग अ‍ॅव्हरेज पुरतं.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो धडधडीत चूक आहे. बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट्स (फटका मारून बेस गाठणं) भागिले अ‍ॅट-बॅट्स (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या). वॉक, म्हणजे चार चेंडू वाईट पडले की फुकट मिळणारा पहिला बेस, त्यात धरतच नाहीत. समजा दोन बॅटर आहेत, दोघांचे ५०० अ‍ॅट-बॅट्स. पहिल्याचे १५० हिट्स, २० वॉक. दुसऱ्याचे १३५ हिट्स, ९० वॉक. अ‍ॅव्हरेज .३०० आणि .२७०, म्हणजे पहिला सरस! आता ऑन-बेस पर्सेंटेज काढा, म्हणजे हिट्स अधिक वॉक, भागिले अ‍ॅट-बॅट्स अधिक वॉक (सोपं जावं म्हणून अंगाला लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे स्वतः झेलबाद होऊन रन मिळवून देणारे फटके, सोडते). १७० भागिले ५२०, .३२७. २२५ भागिले ५९०, .३८१. दुसरा तब्बल ५५ वेळा जास्त बेसवर पोचला आणि आउट झाला फक्त १५ वेळा जास्त. हे ज्याला दिसत नाही, त्याने दुसऱ्यांना काय शिकावं ते सांगू नये.

यात पायथन कुठे लागलं? बेसबॉलच्या आकड्यांवर लिहिणारे बिल जेम्स कॅन्सासमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. छापील बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यांचे आकडेवारीचे तक्ते, चाळून त्यांनी १९७७ साली ‘बेसबॉल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ हे आकड्यांचं पहिलं पुस्तक स्वतःच काढलं. जुनी पुस्तकं बाद म्हणणाऱ्यांनी त्यांचं एक सूत्र करून बघावं, संघाने किती सामने जिंकायला हवेत याचा अंदाज देणारं : केलेल्या रन्सचा वर्ग भागिले, केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. ओकलंडच्या संघाने २००२ मध्ये ८०० रन्स केल्या, ६५४ दिल्या. उत्तर येतं .५९९, म्हणजे १६२ सामन्यांत ९७ विजय. प्रत्यक्षात जिंकले १०३. हे सहा जास्तीचे कुठून आले, ते शोधायला बसलं की एका रनच्या फरकाने निकाल लागलेले सामने चाळावेच लागतात. दहावीच्या मुलीला हे कागदावर जमतं.

कोर्स ज्याला करायचाय त्याने करावा, पण ती पहिली पायरी नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. २०१५ पासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही चेंडूचा माग ठेवणारी यंत्रणा आहे. प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन नोंदला जातो. जुन्या पुस्तकांत हे नाही आणि एवढा डेटा हाताने उपसता येत नाही, तिथे कॉम्प्युटर हवाच. पण त्या डेटाला काय विचारायचं, हे भाचीला त्या मिटलेल्या पुस्तकातूनच कळणार आहे.