‘बेस मॉडेल घ्या, बाकी बाहेरून टाका’ हा सल्ला कुठे फसतो?

भारी डेस्कटॉप घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो, व्हिडिओत, फॉरवर्डमध्ये, दुकानाच्या काउंटरवरही. ‘कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल घ्या. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, जमलं तर प्रोसेसरसुद्धा नंतर बाहेरून टाका. भाव उतरतातच, तेच मशीन अर्ध्या पैशात होतं. कंपनी फॅक्टरीतून बसवून देण्याचे दुप्पट पैसे लावते, आणि वॉरंटी जाईल ही नुसती भीती आहे.’ एडिटिंग, थ्रीडी, आर्किटेक्चर करणारी, याच मशीनवर पोट असलेली माणसं हे ऐकून चार-पाच लाखांचा निर्णय घेतात. त्यामुळे त्यातलं एकेक विधान तपासायलाच हवं.

दुप्पट पैशांचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. अ‍ॅपलचा २०१९चा मॅक प्रो बघा. सुरुवातीची किंमत ५,९९९ डॉलर आणि त्यात एसएसडी फक्त २५६ जीबी. दीड टीबी रॅम फॅक्टरीतून घेतली तर वर आणखी २५,००० डॉलर. रॅमचे १२ स्लॉट, कव्हर काढलं की हात सहज पोचतो, आणि लागायची ती सर्व्हरमध्ये वापरतात तसली डीडीआर४ ईसीसी (चुका स्वतःच दुरुस्त करणारी) रॅम, जी बाजारात बरीच स्वस्त होती. अशा मशीनची रॅम अ‍ॅपलकडून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, यात वाद नाही.

पण हाच मॅक प्रो सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग खोडून काढतो. ८, १२ आणि १६ कोअरच्या मॉडेलमध्ये रॅमची कमाल मर्यादा ७६८ जीबी होती. दीड टीबी हवी तर २४ किंवा २८ कोअरचाच प्रोसेसर लागायचा. आणि सगळ्यात खालच्या ८ कोअरवर रॅम २६६६च्या वेगाने चालायची, बाकीच्यांवर २९३३च्या. म्हणजे पुढे किती आणि किती वेगाची रॅम चालेल हे मशीन बुक करतानाच ठरून गेलेलं असायचं. बेस मॉडेल घेऊन पैसे वाचवले म्हणणाऱ्याने पुढचा दरवाजा स्वतःच बंद केलेला असायचा.

‘रॅम काय, कधीही वाढवता येते.’ सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथे. आता दोन स्टिक घ्यायच्या, वर्षभराने आणखी दोन टाकायच्या, हे डीडीआर४ पिढीच्या रॅमपर्यंत बहुतेक वेळा निभायचं. त्यापुढच्या डीडीआर५चं गणित वेगळं आहे. एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्स या प्रोसेसरचे कंपनीने दिलेले आकडे असे: दोन स्टिक असतील तर वेग ५६००, चार असतील तर ३६००. क्षमता दुप्पट झाली, पण वेग एक तृतीयांशाहून जास्त घसरला. काही जण त्याहून जास्त वेगावर चार स्टिक चालवतात हे खरं, पण ते प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांच्या नशिबावर. रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्याने त्या नशिबावर विसंबू नये.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. नव्या दोन स्टिक खटकन बसतात, बटण दाबलं की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. एक मिनिट जातं, दोन जातात, कधी त्याहून जास्त. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, पण समोर बसलेल्याला वाटतं मशीन गेलं. तो घाबरून पॉवर बंद करतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मशीन उठतं तेव्हा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) वेग ३६०० दिसतो. आधीचा वेग हाताने लावला की काही दिवस बरे जातात, मग मोठी फाइल उघडली की प्रोग्रॅम बंद पडतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

म्हणून ६४ जीबी लागणार हे माहीत असेल तर पहिल्या दिवसापासून ३२च्या दोनच स्टिक हव्यात. कंपनीकडून घ्या किंवा बाहेरून. मात्र बाहेरून घेणार असाल तर बेस मॉडेलसोबत आलेल्या १६च्या दोन स्टिक बाजूला पडतील, त्यांचे पैसेही हिशेबात धरा. अर्ध्या पैशाचा हिशेब सांगणारे हे धरत नाहीत.

काही मशीनमध्ये तर नंतर वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. २०२३च्या मॅक प्रोमध्ये कार्डांसाठी सहा मोकळे स्लॉट आहेत, पण रॅम एम२ अल्ट्रा चिपच्या पॅकेजमध्येच; बुक करताना जास्तीत जास्त १९२ जीबी घेता यायची, नंतर एक जीबीही वाढत नाही. ग्राफिक्स कार्डही त्यात चालत नाही. अ‍ॅपलच्याच मॅक स्टुडिओ या छोट्या डेस्कटॉपचंही रॅमच्या बाबतीत तेच. याला कंपनीची लबाडी म्हणून सोडून देता येत नाही. दुरुस्ती करता यावी म्हणून नावाजलेल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५मध्ये डेस्कटॉप आणला, त्यातही रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे. त्यातल्या एएमडीच्या चिपला मेमरीकडून सेकंदाला २५६ जीबी वेग हवा, आणि काढता येणाऱ्या रॅममधून तेवढ्या वेगाने सिग्नल नीट जाईना. अशा मशीनला बेस मॉडेलचा सल्ला देणं घातकच.

‘भाव उतरतातच.’ नेहमी नाही. २०११मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्डडिस्कचे भाव महिन्या-दोन महिन्यांत भडकले. २०२१मध्ये ग्राफिक्स कार्ड छापील किमतीला मिळणं मुश्कील होतं. आणि २०२५च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने डीडीआर५ रॅमचे भाव काही महिन्यांत दोन-तीन पट झाले. त्या डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम-एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘नंतर टाकू’ म्हणून थांबलेल्यांना याची झळ थेट बसली.

‘ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, स्लॉटमध्ये बसवलं की झालं.’ एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे कार्ड एकटं ५७५ वॉट घेतं आणि कंपनी त्यासाठी १००० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सांगते. खालच्या मॉडेलमध्ये एसएमपीएसही खालचा येतो, आणि तो फॅक्टरी ऑप्शनमधला आहे हे लक्षातच येत नाही. असेंबल्ड मशीनमध्ये तो बदलता येतो. अनेक ब्रँडेड वर्कस्टेशनमध्ये मात्र एसएमपीएसचं माप आणि बोर्डाकडे जाणारे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला बसत नाही. शिवाय कार्डाला वीज देणारा १६ पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसवावा लागतो. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९०चे कनेक्टर वितळू लागले तेव्हा प्लग पूर्ण न बसणं हे एक ठळक कारण म्हणून एनव्हिडियाने सांगितलं होतं. अरुंद कॅबिनेटमध्ये दार लावण्यासाठी केबल वाकवताना तो प्लग किंचित सुटतो आणि बाहेरून दिसतही नाही.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. एएमडीचा थ्रेडरिपर प्रो हा वर्कस्टेशनचा प्रोसेसर बसवलेल्या काही ब्रँडेड मशीनमध्ये एएमडीची एक सुरक्षा सोय वापरून प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डांना कायमचा बांधलेला असतो. लेनोवोच्या पी६२० वर्कस्टेशनमधून काढलेला असा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालत नाही. स्वस्त सेकंडहँड प्रोसेसर घेण्याआधी तो कुठल्या मशीनमधून निघालाय हे विचारा.

राहिला वॉरंटीचा मुद्दा. मशीन उघडलं म्हणून सगळी वॉरंटी गेली, हे कंपन्यांचं बोलणं दर वेळी खरं नसतं. अमेरिकेत १९७५च्या कायद्याने तसं म्हणायला बंदी आहे, आणि २०१८मध्ये तिथल्या एफटीसी या सरकारी व्यापार आयोगाने अशा अटींवरून सहा कंपन्यांना इशारापत्रं धाडली. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. इथवर सल्ला बरोबर आहे.

पण वॉरंटी टिकली म्हणजे काम वेळेवर सुरू झालं असं होत नाही. मशीन मधेच बंद पडू लागलं की कंपनीचा इंजिनिअर बाहेरची रॅम आणि कार्ड काढायला सांगतो. ते काढून बिघाड पुन्हा दाखवायचा. रॅमचा दोष निघाला तर रॅमवाल्याकडे, कार्डाचा निघाला तर कार्डवाल्याकडे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये दोष निघाला तेव्हा २०२४मध्ये वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण डबाबंद प्रोसेसर घेतलेल्यांनी इंटेलकडे जायचं आणि तयार मशीनवाल्यांनी मशीनच्या कंपनीकडे, असे दोन रस्ते होते. फॅक्टरीतून सगळं बसवून घेतलं की तक्रार एकाच ठिकाणी करायची असते. ज्याच्या डोक्यावर डिलिव्हरीची तारीख आहे त्याच्यासाठी याची किंमत मोठी आहे.

मी कोणासाठी मशीन ठरवतो तेव्हा प्रोसेसर, एसएमपीएस आणि सोल्डर केलेली रॅम फॅक्टरीतूनच पूर्ण घ्यायला सांगतो. दुसरी एसएसडी, मोठी हार्डडिस्क आणि स्लॉटवाली रॅम भाव बघून बाहेरून. फक्त रॅमच्या स्टिक सगळ्या एकाच पाकिटातल्या. ग्राफिक्स कार्डाचा निर्णय एसएमपीएस किती वॉटचा आहे ते बघून. कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी मागा: एसएमपीएस किती वॉटचा, रॅमचे एकूण किती स्लॉट आणि त्यातले किती भरलेले, आणि बाहेरचा पार्ट टाकल्यावर ऑनसाइट सर्व्हिस चालू राहणार का. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून पार्ट घेतलात तर जीएसटी बिलावर प्रत्येकाचा सिरियल नंबर लिहून घ्या, डिस्ट्रिब्यूटरकडे वॉरंटी मागताना सगळ्यात आधी तोच विचारतात.